रुंद टायर आणि मुकं स्टेअरिंग

देशात विक्रीला येणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीचा नमुना आधी सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२६व्या नियमात या संस्थांची यादी आहे. पुण्याची ‘एआरएआय’ त्यात आहे, मानेसरची ‘आयकॅट’ आहे, मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, आणि नगरजवळच्या वाहननगरातली ‘व्हीआरडीई’ही आहे. लष्करी वाहनांची तपासणी करणारं खातं फाळणीच्या सुमारास रावळपिंडीशेजारच्या चकलाल्याहून नगरला आलं. त्यातूनच पुढे ही संस्था उभी राहिली. साखर कारखाने, शिर्डी आणि दुष्काळ यांच्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात गाड्यांचा सरकारी निवाडाही होतो, हे जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. आणि त्याच जिल्ह्यात, असा निवाडा होऊन शोरूममधून बाहेर पडलेली गाडी वर्ष उलटायच्या आत टायरच्या दुकानासमोर जॅकवर चढते. कंपनीच्या लोखंडी डिस्क उतरतात, मॅगव्हील चढतात, टायर दोन-तीन मापांनी रुंद होतं आणि गाडी ‘भरीव’ दिसायला लागते. मालक एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, की स्टेअरिंग मस्त जड झालंय, गाडी आता रस्ता धरून चालते.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो. स्टेअरिंग जड झालेलं असतं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. स्टेअरिंगला किती जोर लागतो ही एक गोष्ट आणि त्या जोरातून रस्त्याबद्दल किती कळतं ही दुसरी. चाक आणि टायर बदलताना आपण पहिली वाढवतो आणि पुष्कळदा दुसरी गमावतो. हा सौदा कोरड्या, सपाट, नव्या रस्त्यावर लक्षात येत नाही. नगर-मनमाड रस्त्यावर पाऊस पडून गेल्यावर लक्षात येतो. चाकं बदलूच नयेत असं माझं म्हणणं नाही. बदल कोणत्या मोजमापानं तोलायचा, एवढाच वाद आहे.

कायदा या बाबतीत फारशी मदत करत नाही. नियम ९८ सांगतो, की स्टेअरिंगमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त ढिलाई नसावी. तीस अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. तेवढं चाक फिरवूनही गाडी हलली नाही तरी ती कायद्याला चालते. नियम ९४ टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर मागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करायला मनाई करतं, ९ जानेवारी २०१९ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा बदलाला दंड व कैदेची तरतूदही केली. पण यांतलं काहीच हाताला काय जाणवतं याबद्दल बोलत नाही. ते काम अभियंत्यांनी आपल्यापुरतं केलं आहे. आयएसओ १३६७४ या मानकाच्या पहिल्या भागात गाडी साधारण ताशी १०० किलोमीटर वेगात ठेवून स्टेअरिंग अगदी हळू, पाच सेकंदांत एक हेलकावा या लयीत डावी-उजवीकडे झुलवतात आणि प्रत्येक क्षणी हाताला लागणारा जोर आणि गाडीची प्रत्यक्ष हालचाल यांचा आलेख काढतात. अनुभवाच्या गोष्टीला आकड्यात पकडण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात एकट्या ‘जड’ला गुण नाहीत, गाडी वळण्याच्या प्रमाणात जोर वाढतो का आणि वाढताना सलग वाढतो का, हे तिथे पाहतात.

तो जोर येतो कुठून, हे कळल्याशिवाय पुढची चर्चा हवेत जाईल. वळणावर टायर ज्या दिशेला तोंड करून असतं आणि गाडी ज्या दिशेला जाते, त्यांत दोन-चार अंशांचा फरक पडतो. ब्रुलिए नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १९२५ साली हे प्रथम नीट मांडलं. आज त्याला स्लिप अँगल म्हणतात. या फरकामुळे टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पुढून मागे जाताना हळूहळू जास्त वाकतो. पुढच्या टोकाला रबर नुकतंच टेकलेलं, ताण नसलेलं. मागच्या टोकाकडे पुरतं ताणलेलं. त्यामुळे गाडीला वळवणारा बाजूचा जोर टेकलेल्या भागाच्या मध्यावर न लागता थोडा मागे लागतो. हे मागे सरकलेलं अंतर म्हणजे न्यूमॅटिक ट्रेल. अंतर मागे असल्यामुळे तो जोर चाकाला पुन्हा सरळ करू पाहतो, आणि टाय रॉड, रॅक, कॉलम असा प्रवास करून तो पीळ ड्रायव्हरच्या तळहातापर्यंत येतो.

यातली गंमत अशी, की हा पीळ टायरच्या पकडीबरोबर शेवटपर्यंत वाढत नाही. टायर पकडीच्या मर्यादेकडे जाऊ लागलं, की टेकलेल्या भागाचं मागचं टोक घसरू लागतं, जोराचा बिंदू पुढे मध्याकडे येतो आणि ट्रेल आखडते. टायरचं सर्वांत साधं गणिती प्रतिमान, ज्यात टायर म्हणजे ब्रशच्या केसांची रांग मानतात, असं दाखवतं की बाजूची पकड कमाल मर्यादेच्या साधारण ५८ टक्क्यांवर असतानाच हा पीळ शिखर गाठतो. त्यानंतर पकड वाढत राहते, पण पीळ उतरतो. प्रत्यक्ष टायरमध्ये आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, कल तोच राहतो. म्हणजे निसर्गानंच एक पूर्वसूचना ठेवली आहे: गाडी घसरण्याआधी स्टेअरिंग हलकं पडतं. हे ज्याच्या हाताला कळतं तो पाय वेळेत उचलतो. ज्याच्या हाताला कळत नाही त्याला घसरल्यावरच कळतं.

हलकं स्टेअरिंग म्हणजे धोका, हे नगर जिल्ह्याला नव्यानं शिकवायला नको. गळीत हंगामात राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगावच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागतो तेव्हा मागच्या ओढीनं त्याचं तोंड उचलू पाहतं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला, की स्टेअरिंग पोकळ लागतं. ट्रॅक्टरचालक त्या पोकळपणाला घाबरतो, पुढे वजनं टांगतो, चढावर गिअर आधीच पाडतो. तोच माणूस स्वतःची मोटार घेतो तेव्हा मात्र स्टेअरिंगकडून माहिती घ्यायची सवय शोरूमच्या दारात सोडून येतो आणि जडपणालाच सुरक्षितता समजतो.

आता रुंदीकडे येऊ. रुंद टायर लावलं की जास्त रबर रस्त्याला टेकतं, असा सर्रास समज आहे. पण टायरमधली हवा भार पेलते, आणि भार व दाब तेच असतील तर टेकलेलं क्षेत्रफळही जवळपास तेच राहतं. लहान हॅचबॅकच्या पुढच्या एका चाकावर माणसांसह साधारण ३०० किलो भार येतो असं धरू. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२ किलो. भागाकार केला की १३६ चौरस सेंटिमीटर मिळतात. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, नक्षीच्या खाचा रिकाम्या असतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण दिशा बरोबर आहे. नक्षीची रुंदी १३ सेंटिमीटर असेल तर टेकलेला भाग साडेदहा सेंटिमीटर लांब होतो. रुंदी १६ केली तर लांबी साडेआठवर येते. क्षेत्रफळ तेच राहून आकार बदलला. लांबट होता तो आडवा झाला. आणि न्यूमॅटिक ट्रेल लांबीवर अवलंबून असते. वर सांगितलेल्या साध्या प्रतिमानात ती लांबीच्या एक षष्ठांश भरते. म्हणजे पहिल्या टायरला पावणेदोन सेंटिमीटर, दुसऱ्याला सुमारे १.४. ज्या अंतरामुळे हाताला खबर मिळते, तेच पाचव्या हिश्शानं घटलं.

मग स्टेअरिंग जड कसं लागतं? दोन कारणांनी. गाडी उभी असताना चाक फिरवायचं तर रबर जागेवर घासावं लागतं. आडवा पट्टा जास्त झगडतो. आणि धावताना, रुंद व कमी उंचीच्या टायरची भिंत आखूड व ताठ असल्यामुळे स्टेअरिंग जरा वळवताच बाजूचा जोर पटकन चढतो. पहिल्या एक-दोन अंशांत हाताला जो घट्टपणा जाणवतो तो खराच असतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. लांब, उंच भिंतीच्या टायरवर महामार्गाला लेन बदलताना स्टेअरिंग आधी वळतं आणि गाडी एक श्वास उशिरा निघते. तो आळस आखूड भिंत काढून टाकते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक आणि वळणाची पकडही चांगल्या रुंद टायरला बहुधा थोडी जास्त मिळते, कारण आडव्या पट्ट्यात रबरावरचा ताण अधिक सारखा वाटला जातो. रुंद टायरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हा सगळ्यांत मजबूत मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा.

अडचण पुढच्या अंशांत आहे. ताठ टायरचा जोर लवकर चढतो तसा तो शिखरही कमी अंशांत गाठतो, आणि शिखरापलीकडची उतरण साधारणपणे तीव्र असते. साध्या टायरवर स्टेअरिंग हलकं पडू लागल्यापासून गाडी घसरेपर्यंत हाताला जेवढी मोकळीक मिळते, तेवढी इथे मिळत नाही. मर्यादा वर गेली, पण मर्यादेची वार्ता उशिरा आणि कमी शब्दांत आली. रेसच्या ट्रॅकवर रोज त्याच वळणातून जाणाऱ्याला हे चालतं. त्याला मर्यादा पाठ असते. नगर-कल्याण मार्गानं माळशेज उतरणाऱ्या, किंवा पाथर्डीकडे जाताना करंजी घाटात उसाच्या ट्रकमागून डांबरावर सांडलेल्या मातीवरून वळणाऱ्या माणसाला मर्यादा दर शंभर फुटांवर नवी असते. त्याला जास्त पकडीपेक्षा लवकर मिळणारी खबर उपयोगी.

टायरच्या रुंदीची चर्चा दुकानात तरी होते. रिमच्या ऑफसेटची होतच नाही, आणि स्टेअरिंग बिघडवण्यात त्याचा हात मोठा असतो. चाक जिथे हबला बोल्टनं बसतं ती पाटी रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट; ‘ईटी’ अशा अक्षरांनी मिलिमीटरमध्ये लिहितात. कंपनीचं चाक ईटी ४५ आणि बाजारातलं मॅगव्हील ईटी ३५ असेल, तर चाकाची मध्यरेषा दहा मिलिमीटर बाहेर आली. रिम साडेपाच इंचांऐवजी सात इंच रुंद असेल, तर दोन्ही बदल मिळून बाहेरची कड जवळपास तीन सेंटिमीटर बाहेर येते, आणि गाडी ‘भरीव’ दिसते ती यामुळे. दिसण्याला ते तीन सेंटिमीटर पुरतात. स्टेअरिंगला मात्र मध्यरेषेचे दहा मिलिमीटर भोवतात. चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरचा मध्य, यांतल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. कंपन्या ते मिलिमीटरांत जपतात. १९७२च्या आउडी ८० गाडीनं हे अंतर मुद्दाम उलट्या बाजूला नेऊन दाखवलं, म्हणजे एका बाजूच्या चाकाखाली वाळू किंवा पाणी असताना ब्रेक मारला तरी चाकं आपण होऊन गाडी सावरायच्या दिशेला वळतात. पुढे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असंख्य गाड्यांनी ही रीत उचलली. ईटी दहानं घटवला किंवा चाकामागे स्पेसर ठोकला, की ही सगळी आखणी रद्द होते.

परिणाम मोजता येतो. एका चाकानं खड्ड्याच्या कडेला धडक दिली आणि मागे ढकलणारा जोर २,००० न्यूटन असला, तर वाढलेल्या दहा मिलिमीटरमुळे चाकाच्या अक्षाभोवती २० न्यूटन-मीटरचा जादा पीळ पडतो. स्टेअरिंगचं गुणोत्तर पंधराला एक धरलं तर हातापर्यंत सव्वा न्यूटन-मीटरच्या आसपास पोचतं. त्यातला काही भाग पॉवर स्टेअरिंगची मोटर आणि घर्षण गिळतं. आकडा किरकोळ वाटेल. पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हाताशी बोलतं तेच मुळात दोन-चार न्यूटन-मीटरच्या भाषेत. त्यात प्रत्येक खड्डा सव्वाचा गोंगाट घालू लागला, तर पकडीची बारीक बातमी त्यात बुडून जाते. नगर-मनमाड रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम आहे. शिर्डी-शिंगणापूरच्या भाविकांच्या गाड्या, कांद्याचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या एकाच पट्ट्यातून गेल्यामुळे डांबरात चाकोऱ्या पडतात. अरुंद टायर चाकोरीत राहतं किंवा तिच्यातून निघतं. रुंद टायरची एक कड चाकोरीच्या काठावर चढते, दुसरी आत राहते, आणि गाडी आपण होऊन डावी-उजवी ओढू लागते. मालक मग अलाइनमेंट करून आणतो, पुन्हा करून आणतो, आणि मशीनवर सगळे आकडे हिरवे दिसत असताना गाडी का ओढते हे कुणालाच कळत नाही.

इथे एक वाजवी हरकत येते. कंपन्या स्वतःच वरच्या मॉडेलला मोठी, रुंद चाकं देतात. मग ग्राहकानं तेच केलं तर काय बिघडलं? मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ, कारण एमएच-१६ आणि एमएच-१७ या दोन्ही पाट्यांवर ती भरपूर दिसते. २०१८च्या स्विफ्टमध्ये खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ टायर होतं आणि वरच्यांना १८५/६५ आर १५. पहिल्याचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा ६२१.५, फरक दोन मिलिमीटरचा. रुंदी वीसनं वाढली, पण उंची राखली, भारांक ८५ वरून ८८ वर नेला. कंपनीनं दिलेला मोठा पर्याय हा असा असतो, आणि खालच्या प्रकाराच्या मालकाला रुंदीची हौस असेल तर कंपनीच्याच ऑफसेटच्या रिमवर हे माप बसवण्याला माझा काहीच आक्षेप नाही. बाजारात प्रत्यक्षात होतं ते वेगळं. १८५/६५ च्या जागी १९५/६५ आर १५ बसवतात, कारण ते त्या दिवशी दुकानात असतं. त्याचा व्यास ६३४.५ मिलिमीटर, म्हणजे दोन टक्क्यांनी मोठा. स्पीडोमीटर तेवढं कमी दाखवतो, पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरच्या अस्तराला घासतं, आणि गिअरिंग लांबल्यामुळे गाडी मंद वाटते ते वेगळंच. १९५/५५ आर १६ घेतलं तर व्यास ६२०.९ येतो, कागदावर अगदी बरोबर. पण भिंत १३ मिलिमीटरनं आखूड होते, आणि खड्ड्यात रिम वाकायला तेवढे १३ मिलिमीटर पुरतात. वाकलेल्या रिमचं स्टेअरिंग ऐंशीच्या वेगाला थरथरतं. शिशाचे तुकडे चिकटवून ती थरथर काही काळ झाकता येते, इतकंच.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. हल्लीच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगमध्ये मुळात जाणीव उरलीच कुठे आहे, की ती जपायची? मोटर किती मदत करणार हे संगणक ठरवतो, हाताला लागणारा जोर बऱ्याच अंशी आखून दिलेला असतो. यात तथ्य आहे. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ला बारा इंची अरुंद चाकं होती आणि पॉवर स्टेअरिंग नव्हतं. रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळायचा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी आहे. कित्येक टनांची ही गाडी केवळ दंडाच्या जोरावर वळवायची, तर चाकं अरुंदच ठेवावी लागत. त्या काळी टायर गरजेपेक्षा रुंद केलं तर पहिल्याच वळणावर दंड तक्रार करायचे. मोटरनं ती तक्रार बंद केली, आणि म्हणूनच आज कुणीही कितीही रुंद टायर लावू शकतो. पण याच कारणानं हरकत उलटी फिरते. आजच्या स्टेअरिंगमधून रस्त्याचा अंदाज घेणं म्हणजे गोधडीवरून नाडी पाहणं; त्यावर आणखी एक गोधडी टाकावी का, एवढाच प्रश्न आहे. शिवाय त्या मोटरचं सॉफ्टवेअर मूळ चाकं-टायर गृहीत धरून बेतलेलं असतं. मदत किती, परतीचा वेग किती, थरथर किती गाळायची, हे सगळं एका ठरावीक जोराच्या अपेक्षेवर उभं आहे. अपेक्षेपेक्षा वेगळा जोर खालून आला, की काही गाड्यांत वळणानंतर स्टेअरिंग आळसानं मध्यावर येतं, काहींत मध्याजवळ चिकटल्यासारखं वाटतं. मोटर बिघडलेली नसते; तिला दुसऱ्याच टायरची शिकवण दिलेली असते.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि जिल्ह्यातल्या राजकारणामुळे त्यांची संख्याही लक्षणीय आहे. तिथे हौस रुंदीची असते तशीच खडबडीत नक्षीच्या ऑल-टेरेन टायरची असते. अकोले तालुक्यात, भंडारदरा-रतनवाडीच्या बाजूला किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर पावसाळ्यात जाणाऱ्याला त्या नक्षीचा उपयोग आहे. शेवगावच्या काळ्या मातीत बैलसुद्धा रुततो तिथेही आहे. पण नक्षीचे मोठे, सुटे ठोकळे डांबरावर आधी स्वतः वाकतात, मग गाडीला वळवतात. त्यामुळे सरळ रस्त्यावर मध्याभोवती स्टेअरिंग सैल आणि अनिश्चित लागतं, दर मिनिटाला बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. जो आठवड्याचे सहा दिवस नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या एमआयडीसीपर्यंत जातो, त्यानं हे टायर लावून काय मिळवलं हे तोच जाणे. पाटीलकी दिसते, हे खरं.

आणि मग समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि कोपरगाव तालुक्यातल्या माणसाला ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेचा काँक्रीट रस्ता दारात मिळाला. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागानं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि ‘गोटा’ झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. तो उपाय योग्यच होता. स्टेअरिंगच्या दृष्टीनं मात्र समृद्धीवरची खरी परीक्षा पावसात होते. नासात वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून १९६०च्या दशकात एक सूत्र मिळालं: साचलेल्या पाण्यावर टायर पूर्ण तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या सूत्रानं ३२ पीएसआयला ताशी ९४ किलोमीटर येतात, २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या नक्षीदार टायरला ते जसंच्या तसं लागू नाही, पण सात पीएसआयच्या आळसाची किंमत त्यातून कळते. रुंद टायरला तर पाणी बाजूला सारायला जास्त वाट कापावी लागते, आणि टेकलेला पट्टा आखूड असल्यानं वेळ कमी मिळतो. तरंगायच्या आधी स्टेअरिंग हलकं पडतं. ते जाणवलं पाहिजे आणि त्या क्षणी हातात काहीतरी बदललं असं वाटलं पाहिजे. चाकाच्या ऑफसेटनं, ताठ भिंतीनं आणि उतरलेल्या हवेनं गोंधळलेल्या स्टेअरिंगला हे सांगता येत नाही.

शेवटी पैशाचा मुद्दा येतो, आणि तो येणारच, कारण मॅगव्हीलचा संच आणि चार रुंद टायर यांना लागणारी रक्कम साध्या हॅचबॅकच्या मालकाला जड असते. स्टेअरिंग सुधारावं एवढाच हेतू असेल तर त्याच पैशाच्या छोट्या हिश्शात जास्त मिळतं. मूळ मापाचं, पण चांगल्या प्रतीचं नवं टायर आळसावलेल्या जुन्या टायरच्या तुलनेत हाताला लगेच जाणवतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसणारं पण सहा-सात वर्षं उन्हात उभं राहिलेलं टायर कडक झालेलं असतं आणि त्याचं स्टेअरिंगही लाकडी लागतं. टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचे बुश झिजलेले असतील तर कुठलंही टायर लावा, मध्याभोवतीची ढिलाई जाणार नाही. आणि ते बदलण्याआधी केलेली अलाइनमेंट आठवडाभरात हलते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावी, कारण तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की साधारण एक पीएसआय वाढतो आणि एप्रिलच्या दुपारी मोजलेला आकडा फसवतो. नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांनी साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो हे लक्षात घ्यावं; दर पंधरवड्याला दाब मोजला तर दोन्ही सारखेच. हे सगळं करूनही स्टेअरिंग सैल वाटत असेल आणि हौसही असेल, तर कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं माप घ्यावं, त्याच ऑफसेटच्या रिमवर. ऑफसेटचा आकडा मॅगव्हीलच्या मागच्या बाजूला, हबजवळच्या पाटीवर किंवा आऱ्याच्या पाठीवर ओतलेला असतो; चाक गाडीला लागण्याआधी ते उलटं करून वाचायला अर्धं मिनिट पुरतं, आणि जो दुकानदार ते उलटं करून दाखवायला कुरकुर करेल, त्याच्याकडे स्पेसरही नक्की मिळतील.